मँचेस्टर, मुक्काम पोस्ट उधवा

डहाणूत मँचेस्टरबद्दल माझ्याइतकं जाणणारा दुसरा माणूस नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. तिथल्या कापडाच्या गिरण्या कशा बंद पडल्या, बंद गिरण्यांत आता कुठे लोक राहतात आणि कुठे गाण्याचे जलसे होतात, कालव्याच्या कोणत्या पुलाखाली बदकं बसतात, लाल शर्टवाल्या फुटबॉल टीमच्या गल्लीत निळा शर्ट घालून गेलं तर लोक कसे बघतात, काहीही विचारा. दुपारच्या झोपेतून उठवून विचारा, सांगेन! फक्त मी तिथे कधी गेलो होतो, एवढं तेवढं विचारू नका.

ही सगळी विद्या आमच्या गौरवची. माझा एकुलता एक मुलगा, नऊ वर्षं तिथे नोकरीला. दर रविवारी फोन करायचा. आधी तासभर आईशी बोलायचा, मग दोन मिनिटं माझ्याशी. मी शांताराम चुरी, रेल्वेच्या पार्सल ऑफिसात चौतीस वर्षं काढलेला माणूस. फोनवर "हं, हं, पुढे?" याच्यापलीकडे बोलायची मला सवय नाही. दोन वर्षांपूर्वी वसुमती गेली आणि तो तासभर माझ्या वाट्याला आला. तो सांगायचा, मी "हं" म्हणायचो. नात मुक्ता मागे काहीतरी बडबडत असायची. ती आता सहा वर्षांची. मी तिला प्रत्यक्षात एकदाच पाहिलं, ती दहा महिन्यांची असताना. तिला एकदा खांद्यावर बसवून तिच्या त्या गावात हिंडायचं, एवढी एकच इच्छा माझी राहिली होती.

म्हणून जानेवारीत व्हिसा आला तेव्हा मी जरा जास्तच बोललो असेन. आधी शेजारच्या सुषमाताईंना सांगितलं. त्या निवृत्त शिक्षिका, म्हणजे संध्याकाळपर्यंत सगळ्या डहाणूला कळलं. आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाचे अध्यक्ष उमेशराव, हे पूर्वी तलाठी होते, त्यांनी निरोपसमारंभ ठरवला. शाल आली, नारळ आला, आगरच्या तुळशी मासेवालीने सुक्या बोंबलांची जुडी दिली, कुणी चिकूची पेटी आणली. मी चाळीस मिनिटं भाषण केलं. मँचेस्टर या विषयावर! शेवटी उमेशरावांनी घड्याळ काढून माझ्या डोळ्यांसमोर धरलं तेव्हा थांबलो.

तीन दिवसांनी गौरवचा फोन आला. तिकीट पाठवतोय असं सांगेल म्हणून मी वही-पेन घेऊन बसलो होतो. तो म्हणाला, "बाबा, यंदा नका येऊ. आत्ता नाही जमणार. नंतर सांगतो सगळं."

मी "हं" म्हटलं. एवढंच म्हटलं. फोन ठेवला आणि मग मात्र अंगाचा तिळपापड झाला. शाल घेतलेला माणूस मी! नातीसाठी परकर-पोलकं शिवून तयार, बॅगेला लाल रिबीन बांधून झालेली, आणि पोटचा पोरगा म्हणतो, नका येऊ. कारणसुद्धा सांगायला तोंड नाही. सूनबाईंनी, म्हणजे रुचिताने, मोडता घातला असणार असं मी परस्पर ठरवलं. मनात आलं, वसुमती असती तर याची हिंमत झाली नसती. त्या रागात मी गौरवचा नंबर ब्लॉक केला. ब्लॉक कसं करतात हे मला त्यानेच शिकवलं होतं.

आता सरळ माणसाने काय केलं असतं? मंडळात जाऊन सांगितलं असतं की बेत रद्द झाला. चार जण चुकचुकले असते, बोंबील परत मिळाले नाहीत म्हणून तुळशी कुरकुरली असती आणि संपलं असतं. पण माझा स्वभाव आडवा. नाक कापलं गेलेलं मला चालत नाही. मी ठरवलं, मँचेस्टरला जायचंच. फक्त ते तलासरीच्या बाजूला जायचं.

रविवारी मंडळाने मला डहाणू रोडला गाडीत बसवलं, हार घालून. मी पुढच्याच वाणगावला उतरलो, हार बॅगेत कोंबला आणि रिक्षा, जीप, टमटम असं करत तलासरीवरून उधव्याच्या पुढच्या पाड्यावर पोचलो. तिथे माझा चिमण राहतो. चिमण पार्सल ऑफिसात माझ्या हाताखाली हमाल होता. वीस वर्षं आम्ही दोघांनी मिळून चिकूच्या पेट्या दिल्लीला पाठवल्या. आता तो आणि त्याची बायको बुधीबाई भाताची आणि नागलीची थोडी शेती करतात. मी सगळी हकीकत सांगितली. चिमण मान खाली घालून ऐकत राहिला. बुधीबाई मात्र चुलीपुढून उठून आली.

"पोर नको बोलला तरी जायाचा," ती म्हणाली. "त्याच्या दारात बसायाचा. किती वेळ बाहेर ठेवल?"

मी तिला समजावलं की हे दार विमानाने नऊ तासांवर आहे, असं उठून जाता येत नाही. ती म्हणाली, मग इथे तरी कशाला आला, इथे कुठे तुमचं पोर आहे? मी चिकूची पेटी पुढे केली. तीन दिवसांत चिकू पिकले आणि अख्ख्या पाड्याने खाल्ले.

खरी भीती चिमणची होती. तो कामासाठी डहाणूला जायचा. कुणी चुरी साहेबांबद्दल विचारलं आणि हा भोळेपणाने बोलून गेला म्हणजे? मी म्हटलं, शपथ घे. त्याने आईची घेतली, मला पुरेशी वाटली नाही. त्यांच्यात कणसरीला, म्हणजे धान्याच्या देवीला, फार मानतात हे मला माहीत होतं. मी म्हटलं, तिची घे. चिमण घुटमळला. म्हणाला, "साहेब, कणसरीची घेतली तं मग मोडता येत नाय. काय पण होवो." मी म्हटलं, मोडायची आहेच कुणाला! शेवटी त्याने कणगीतून मूठभर भात काढलं, ओंजळीत धरलं आणि शपथ घेतली, साहेब कुठे आहे ते डहाणूत कुणालाही माझ्या तोंडून कळणार नाही. बुधीबाई पाठ फिरवून बसली. मी मात्र निर्धास्त झालो.

मग सुरू झाला माझा मँचेस्टरचा मुक्काम. पाड्यावर फोनला रेंज नाही. पण मागच्या टेकडीवर मोहाच्या झाडाखाली एक खडक आहे, त्यावर उभं राहिलं की दोन दांड्या येतात. मध्येच फोनवर गुजरातमध्ये आपलं स्वागत असा मेसेजही येतो, तिकडे दुर्लक्ष करायचं. रोज संध्याकाळी मी मफलर गुंडाळून खडकावर चढायचो आणि मंडळाच्या ग्रुपवर बोलून मेसेज पाठवायचो. फोन कुणी करू नका, परदेशात फार महाग पडतो, हे आधीच बजावून ठेवलं होतं.

पहिल्या दिवशी कालवा झाला. दुसऱ्या दिवशी बंद गिरण्या. मध्येच कोंबडा आरवला, तेव्हा इथे घराघरांत कोंबड्या पाळायची फॅशन आली आहे असं सांगून टाकलं. चौथ्या दिवशी शेजारच्या पाड्यावर लग्न होतं. मोठमोठे स्पीकर, आदिवासी नाचाची गाणी, मध्येच गुजराती. मी तो आवाजच भरून पाठवला आणि म्हटलं, ऐका, हे शहर संगीतासाठी जगात प्रसिद्ध आहे, आत्ता मी एका जुन्या गिरणीतल्या जलशात उभा आहे. उमेशरावांनी अंगठा पाठवला.

पाचव्या दिवशी मी फुटबॉलच्या मैदानावर गेलो. काय सांगू तुम्हाला, त्या दिवशी माझी रसवंती काही वेगळीच सुटली होती. म्हटलं, "गौरवने मला मॅचला नेलं. पाऊस होता, पण हटलो नाही. मुक्ता सबंध वेळ माझ्या खांद्यावर बसली होती. गोल झाला की माझे कान ओढायची." बोलता बोलता माझाच हात कानाकडे गेला. खाली येताना मला फार बरं वाटत होतं आणि पाड्यावर पोचेपर्यंत फार वाईट वाटायला लागलं. त्या संध्याकाळी जेवलो नाही.

दुसऱ्या आठवड्यात मी धाडस करून फोटोही पाठवला. उंबरगावच्या रस्त्याला एका बंद वीटभट्टीचं धुराडं आहे. तलासरीच्या बाजाराला गेलो होतो, तिथून एका टेम्पोवाल्याबरोबर जाऊन ते टिपून आणलं आणि खाली लिहिलं, मँचेस्टरच्या जुन्या गिरणीची चिमणी. मंगळवारी रात्रीच्या जेवणाआधी उमेशरावांचा प्रश्न आला, चिमणीवर गुजराती अक्षरं कशी? तलाठ्याची नजर! मी म्हटलं, इथे गुजराती लोक फार आहेत.

आणि तिथून काय झालं कोण जाणे, ग्रुपला प्रश्नांचा ऊत आला. एरवी सुप्रभात आणि गुडघेदुखीच्या उपायांपलीकडे न जाणारी ही माणसं, अचानक माझ्या मागे लागली. आत्ता तुमच्या आसपास काय दिसतंय? जवळ नदी आहे का? घर रस्त्यापासून किती लांब? सुषमाताईंनी तर विचारलं, मुक्ता कशी आहे, जरा तिचा आवाज ऐकवा. म्हटलं, यांना संशय आला. आणि संशय आला की खोटं बोलणाऱ्याने काय करायचं असतं? आणखी दणकून खोटं बोलायचं असतं. मुक्ता झोपली आहे असं सांगितलं. खिडकीतून कालवा दिसतोय, त्यात लाल बोट आहे, बोटीत म्हातारा बाजा वाजवतोय असं सांगितलं. बुधवारी संध्याकाळी सुषमाताईंनी विचारलं, गौरव कसा दिसतो हो आता? मी म्हटलं, छान अंग धरलंय, खुशीत आहे, मला सोडून एक मिनिट राहत नाही.

गुरुवारी पाड्याची वीज गेली, ती आलीच नाही. फोनने मान टाकली. खरं सांगायचं तर सुटल्यासारखं झालं. शुक्रवारी माझ्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या संपल्या. त्या विशिष्ट गोळ्या डहाणूच्याच एका दुकानात मिळतात, म्हणून चिमण सकाळी निघाला. संध्याकाळी यायचा तो आला नाही.

तो आला शनिवारी सकाळी दहाला. पाय सुजलेले, चप्पल हातात. संध्याकाळची जीप चुकली तेव्हा सरावलीला पाव्हण्याकडे पडला होता, पहाटे दुधाच्या टेम्पोतून तलासरीला आला आणि पुढे गाडी मिळेना म्हणून चालतच निघाला. गोळ्या त्याने माझ्या हातात दिल्या आणि समोर उभा राहिला. बसेना.

"साहेब," तो म्हणाला, "तुमचा गौरव डहाणूत हाय. मंगळवारपासून. पोर पण हाय संगं."

मला वाटलं, उन्हाने याला भ्रम झाला. पण तो सांगतच गेला. गोळ्यांच्या दुकानात जाताना आमच्या गल्लीवरून गेला, तर आमच्या बंद दाराच्या ओट्यावर गौरव बसलेला. शेजारी एक लहान मुलगी, गुलाबी बूट घातलेली. गौरवने त्याला ओळखलं, धावत आला, हात धरला. विचारलं, चिमणकाका, बाबा कुठे आहेत, तुम्हाला काही माहीत आहे का? आणि चिमणने मान हलवून नाही म्हटलं. गौरवने दोनदा विचारलं. दोनदा नाही म्हटलं.

"असा कसा नाही म्हणालास?" मी ओरडलो.

"कणसरीची होती, साहेब," तो म्हणाला. "तुमीच घ्यायाला लावली. डहाणूत कुणालाच सांगायचा नाय, तं गौरवला कसा सांगू? पण तुमाला सांगायची मना नाय. म्हणून तुमाला सांगाया आलो." आणि चिमण, मालगाडीतल्या पेट्या एकट्याने उचलणारा माणूस, अंगणात बसून रडायला लागला.

बुधीबाई मला म्हणाली, आज तीन वाजता ते परत चालले, एवढं ऐकून आलाय हा. उठा आता.

मी उठलो. आता इथून पुढे जे झालं त्याची मला अजून शरम वाटते. पाड्यावर एकच टमटम, मिथुनची. ती लग्नाच्या वऱ्हाडाने भरलेली. माझी अवस्था बघून त्यांनी मला घेतलं, पण मी बसलो तो थेट स्पीकरवर. वाटेत प्रत्येक पाड्यावर कुणी ना कुणी चढत होतं. मी म्हणत होतो, माझा मुलगा चाललाय, आणि वऱ्हाडातल्या बायकांना वाटत होतं तो लग्नाला चाललाय. एकीने माझ्या कपाळाला हळद लावली.

तलासरीला पोचेपर्यंत बारा वाजून गेले. मी एका दुकानदाराचा फोन मागून घेतला आणि लक्षात आलं, मला कुणाचाच नंबर पाठ नाही. सुषमाताईंचा नाही, उमेशरावांचा नाही, गौरवचा तर सगळा परदेशी. सगळे मेलेल्या फोनमध्ये. मला पाठ होता एकच नंबर, वसुमतीचा. बोटांनी तो आपोआप लावला. कुणीतरी परक्या माणसाने उचलला आणि हिंदीत विचारलं, कौन चाहिए? मी म्हटलं, कोई नहीं, आणि फोन परत दिला.

चारोटीपर्यंत जीप मिळाली. चारोटी नाक्यावर पाऊण तास काही मिळेना. मग चिकूच्या रिकाम्या पेट्यांचा टेम्पो मिळाला, त्यात पेट्यांच्या मध्ये उभा राहून आलो. आशागडच्या अलीकडे समोरून एक पांढरी गाडी आली. रस्ता अरुंद, आमचा टेम्पो जरा कडेला घेतला, ती गाडी निघून गेली. मी तिच्याकडे पाहिलंही नाही. मी घड्याळ बघत होतो. तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

गल्लीत पोचलो तेव्हा आमच्या ओट्यावर अख्खं मंडळ उभं होतं. कपाळाला हळद, गळ्यात मफलर, अंगाला चिकूचा चीक, असा मी उतरलो. मला वाटलं, आता हसतील. निदान उमेशराव तरी हसतील. कुणी हसलं नाही. सुषमाताई म्हणाल्या, "भाऊ, वीसच मिनिटं झाली हो."

त्यांनी मला बसवलं आणि सगळं सांगितलं. मंगळवारी गौरव आला, तो मला अचानक गाठायला. दाराला कुलूप. सुषमाताई बाहेर आल्या आणि त्याला बघून म्हणाल्या, अरे, तू इथे कसा, बाबा तर आठवड्यापासून तुझ्याकडे आहेत ना! तो आधी हसला. मग त्याचा चेहरा बदलला. त्यांनी फोन काढून माझे मेसेज लावले. तो ओट्यावर बसून एकेक ऐकत गेला. कालवा, गिरण्या, जलसा, मॅच. मुक्ता त्याच्या मांडीवर होती. सगळे ऐकून झाल्यावर तो म्हणाला, "हे सगळं मीच सांगितलंय त्यांना. दर रविवारी. मला वाटायचं बाबा नुसतं हं हं करतात." आणि मग त्याने पुन्हा पहिल्यापासून लावले.

उमेशराव म्हणत होते, सरळ लिहून टाकू की मुलगा इथे आहे, या परत. गौरवनेच अडवलं. म्हणाला, माझे बाबा आहेत, मला माहीत आहे. खोटं उघडं पडलं कळलं की शरमेने ते आणखी लांब जातील. ते कुठे आहेत ते आधी शोधू. म्हणून ते सगळे प्रश्न. आसपास काय दिसतंय, नदी आहे का, घर रस्त्यापासून किती लांब. ते विचारत होता माझा मुलगा, सुषमाताईंच्या बोटांनी. आणि मी त्याला लाल बोट सांगत होतो. मुक्ता झोपली आहे, हे मी कळवलं तेव्हा ती माझ्या ओट्यावर बसून चिकू खात होती.

गुजराती अक्षरांवरून मी उंबरगावच्या बाजूला असेन असं तो धरून चालला. बुधवारी आणि गुरुवारी, मागे मुक्ताला बसवून, उमेशरावांच्या स्कूटरवरून वीटभट्ट्या पालथ्या घातल्या. फोनमधलं ते धुराडं दाखवत. गुरुवारी दुपारी ते सापडलंही. तिथल्या माणसाने सांगितलं, हो, मफलर गुंडाळलेला एक म्हातारा फोटो काढून गेला, कुठला ते माहीत नाही. शुक्रवारी संध्याकाळी सुषमाताईंनी न राहवून लिहिलंच, भाऊ, खरं-खोटं राहू दे, गौरव इथे आहे, उद्या तीनच्या आत फोन करा. तो मेसेज माझ्या मेलेल्या फोनवर कुठून येणार?

आणि गौरवला थांबता का आलं नाही, तेही कळलं. रुचिता आणि तो वेगळे झाले आहेत, नोव्हेंबरपासून. मुक्ता आईकडे असते, शाळेच्या सुट्टीचा हा आठवडा त्याच्याकडे होता, आणि रविवारी तिला आईच्या हवाली करायलाच हवं होतं. तो स्वतः एका खोलीत राहतो, दुसऱ्या तिघांबरोबर एकच स्वयंपाकघर. मला कुठे ठेवणार होता? फोनवर सांगणं त्याला जमलं नाही. माझ्या तिकिटाच्या पैशांत भर घालून त्याने स्वतःची आणि मुलीची तिकिटं काढली आणि समोर बसून सांगायला आला. बुधीबाई म्हणाली होती तसं, येऊन दारात बसला. दाराला कुलूप होतं.

पोरावर संसार मोडायची वेळ आली आणि मी रुसून टेकडीवर चढून बसलो होतो, याहून जास्त सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही. उमेशरावांनी हातात पाण्याचा पेला दिला, तो मी तसाच धरून बसलो. गाडीला गाठता येईल का, असं कुणीतरी म्हणालं, कुणीतरी म्हणालं आता हायवेला लागली असेल.

सुषमाताईंनी त्यांच्या फोनवरून गौरवला लावला. तो गाडीतच होता. त्याने "बाबा?" म्हटलं आणि मी सवयीने "हं" म्हटलं.

मग तो म्हणाला, "बरे आहात ना? गोळ्या घेतल्या?"

मी म्हटलं, घेतल्या. घेतल्या नव्हत्या. मला माफ कर असं म्हणायचं होतं, गाडी वळव असं म्हणायचं होतं, एका खोलीत जमिनीवर झोपेन असं म्हणायचं होतं. यातलं थोडंफार म्हटलंही बहुतेक, पण एकात एक मिसळून. तो म्हणाला, विमान चुकवता येत नाही बाबा, मुक्ताला उद्या तिच्या आईकडे पोचवायचंय, कोर्टाचं ठरलंय. मग म्हणाला, ही कधीची फोन मागतेय, बोला.

सुषमाताईंनी फोन स्पीकरवर ठेवला होता. सगळं मंडळ ओट्यावर उभं होतं. मोडक्यातोडक्या मराठीत, फार विचार करून मुक्ता म्हणाली:

"आजोबा, तुम्ही आमच्याकडे राहायला आला होता ना? मी कान ओढले होते तुमचे, मॅचला. मला आठवतच नाही. तेव्हा मी कुठे होते?"

पंधरा दिवस अख्ख्या डहाणूला मी उत्तरं दिली होती. शेवटी मी म्हटलं, "बाळा, मी आलोच नव्हतो गं."

मग तिने तोंड फोनपासून जरा लांब नेलं असावं, कारण आवाज बारीक झाला. माझी बाजू घेतल्यासारखी ती बापाला समजावत होती.

"पप्पा, आजोबांना ओरडू नको. त्यांना आपलं घर सापडलंच नाही."